यंत्राचा ताप



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली, आणि स्क्रीन सुरू झाल्यावर आळस आला. आज मात्र लिहायचंच असं ठरवून बसले आहे. विषय ऐकून हसू नका. मराठी आणि इतिहास शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई आज तुम्हाला मास स्पेक्ट्रोमीटरबद्दल सांगणार आहे. :)

गेल्या एप्रिलमध्ये पंधरा दिवस पुण्याला भाचीकडे राहिले. धाकट्या बहिणीची मुलगी. एम.एस्सी. केमिस्ट्री, एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी करते. "मावशी, लिहिलंस तर माझं नाव घालायचं नाही, आणि कंपनीचं तर मुळीच नाही" अशी तिची ताकीद आहे, म्हणून ती इथे नुसती भाची.

रविवार होता. सकाळपासून पुरण घातलं होतं. पहिली पोळी तव्यावर टाकली आणि हिचा फोन वाजला. "किती? दोन डिग्री? कधीपासून? आलेच." पर्स उचलून ही दाराशी.

"अगं, कोणाला ताप आलाय?" मी घाबरून विचारलं.

"यंत्राला," ती म्हणाली आणि गेली.

पुरणपोळ्या आम्ही रात्री नऊला खाल्ल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? दोन डिग्रीसाठी एवढी धावाधाव? आमच्या जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. तिथे दोन डिग्री वर गेलं की खाली आलं हे कोणाला कळतही नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. भाची म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर. बघच."

दुसऱ्या दिवशी गेले. जाताना "स्वेटर घे" म्हणाली. एप्रिलात स्वेटर! पण खरंच लागला. दारावर मोठ्या अक्षरांत "दार उघडे ठेवू नये" आणि भिंतीवर तापमान दाखवणारी एक छोटी पाटी. यंत्र म्हटल्यावर मला काहीतरी अगडबंब वाटलं होतं. पाहते तर आपल्या गोदरेजच्या कपाटापेक्षा थोडं मोठं, पांढरं, गुरगुरणारं. त्यातून वर एक खांबासारखा भाग निघालेला. भाचीने त्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, ताप येतो तो इथे."

हे यंत्र काय करतं, ते मला जसं समजलं तसं सांगते.

हा रेणूंचा तराजू आहे. पण रेणू काही पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून त्याला आधी विजेचा भार देतात. असा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. मग त्याला विजेच्या दाबाने ढकलतात आणि तो कसा पळतो ते बघतात. केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायू असा तपासला, तेव्हा त्यांना एकाच निऑनच्या दोन खुणा दिसल्या, एक २० वजनाची आणि एक २२ ची. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये सुधारलेलं यंत्र बांधलं आणि एकाच मूलद्रव्यात वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात हे एकामागून एक दाखवून दिलं. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

भाचीच्या यंत्रात शर्यत लावतात. एक रिकामी हातगाडी आणि एक भरलेली हातगाडी सारख्याच जोराने ढकलली, तर रिकामी पुढे जाईल आणि भरलेली मागे राहील. तसंच इथे. सगळ्या आयनांना सारखा धक्का द्यायचा आणि एका लांब, हवा काढून घेतलेल्या नळीतून पळू द्यायचं. हलका आधी पोचतो, जड नंतर. कोणाला किती वेळ लागला त्यावरून वजन काढायचं. या नळीला फ्लाइट ट्यूब म्हणतात. वेगही असा तसा नाही. दहा हजार व्होल्टचा धक्का दिला तर ५०० वजनाचा आयन सेकंदाला साठ किलोमीटरच्या वर पळतो, म्हणजे पुण्याहून मुंबई अडीच सेकंदांत! एक मीटरची नळी तो सेकंदाच्या साठ हजाराव्या भागात पार करतो.

आता तापाकडे येते.

नळी धातूची. धातू तापला की वाढतो. हे मला विज्ञानाच्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, आमच्या शाळेतल्या लोहाराच्या एका मुलाने निबंधात शिकवलं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते त्याने लिहिलं होतं. धाव चाकापेक्षा जरा लहानच करायची, शेणी पेटवून लालबुंद तापवायची, तापली की ती वाढते, मग सांडशीने धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. गार होताना ती आवळते आणि चाकाला जन्मभर धरून ठेवते. त्या मुलाकडे मी शेवटी येणार आहे. विसरू नका.

धाव शेकडो डिग्री तापते तेव्हा बोटभर वाढते. नळीची खोली एक डिग्री तापली तर नळी किती वाढेल? भाचीने कागदावर मांडून दाखवलं. साध्या स्टेनलेस स्टीलची एक मीटरची नळी एका डिग्रीला सुमारे १७ मायक्रॉन वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाचा चौथा हिस्सा. मी म्हटलं, "हात्तिच्या!"

"थांब," ती म्हणाली. "शर्यतीचं अंतर वाढलं, हे यंत्राला माहीत नाही. त्याला वाटतं, आयन उशिरा आला म्हणजे तोच जड असणार. आणि वजन काढताना वेळेचा वर्ग करावा लागतो, म्हणून चूक दुप्पट होते. दहा लाखात १७ चे ३४ होतात."

दहा लाखात ३४. गावातल्या वाण्याच्या तराजूत एवढी चूक म्हणजे तो देवमाणूसच म्हणायचा. पण इथे दहा लाखात पाचच्या आत, जमलं तर दोनच्या आत चूक हवी असते. म्हणजे उघड्या स्टीलच्या नळीला ०.१५ डिग्रीचा फरकसुद्धा जड जातो. शिवाय धक्का देणारा विजेचा दाब ज्या पुरवठ्यातून येतो, त्यातले भागही तापले की किंचित बदलतात, आणि दाब दहा लाखात एकाने सरकला की वजनही एकाने सरकतं. म्हणजे नळी एका बाजूने ओढते आणि वीज दुसऱ्या बाजूने.

एवढं काटेकोर कशाला? नायट्रोजन वायूचा रेणू २८, कार्बन मोनॉक्साइड २८ आणि कच्ची केळी पिकवायला वापरतात तो एथिलीनही २८, असं आम्ही शाळेत शिकलो असतो. बारकाईने मोजलं तर ते २८.००६१, २७.९९४९ आणि २८.०३१३ आहेत. दशांश चिन्हापुढचे आकडे म्हणजे रेणूच्या अंगठ्याचा ठसा. तीन भावांची उंची सारखी असेल, ठसे वेगळेच. आणि रेणू मोठे झाले की हे फरक आणखी नाजूक होतात. तीन कार्बनच्या जागी एक गंधक आणि चार हायड्रोजन असले, तर वजनात फरक पडतो फक्त ०.००३४ चा. ५०० वजनाच्या रेणूत हा फरक दहा लाखात सातपेक्षाही कमी आहे. यंत्राला थोडा ताप असला की हा समजून तो निवडला जाईल.

मी म्हटलं, "समजला तो. काय बिघडलं?"

भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू २०२० मध्ये गोळी बंद केली होतीस, आठवतं?"

आठवत होतं. घरच्या मंडळींना ठाऊक आहेच, मला मधुमेह आहे आणि मी सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी घेते. २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, मेटफॉर्मिनमध्ये कॅन्सर करणारं द्रव्य सापडलं असा निरोप मोबाइलवर फिरत आला. मी कोणाला न विचारता गोळी बंद केली. बाहेर सगळं बंद, दवाखान्यात जायची भीती. दहाव्या दिवशी भिंतीला धरून बाथरूमला जावं लागलं तेव्हा लेकाने साखर तपासली आणि कपाळाला हात लावला.

त्या निरोपात तथ्य मुळीच नव्हतं असं नाही. एनडीएमए नावाचं द्रव्य २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात सापडलं, २०१९ मध्ये रॅनिटिडिनमध्ये. २०२० मध्ये अमेरिकेत मेटफॉर्मिनच्याही काही सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बाजारातून परत घेतल्या गेल्या. हे द्रव्य दिवसाला ९६ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये अशी मर्यादा आहे. मी दिवसाला एक ग्रॅम औषध घेते. त्यात ९६ नॅनोग्रॅम म्हणजे एक कोटीत एक भाग. एवढंसं मोजायला असाच नाजूक तराजू लागतो.

पण पुढची गोष्ट मला भाचीनेच त्या दिवशी सांगितली. एका खाजगी प्रयोगशाळेने मेटफॉर्मिनच्या नमुन्यांत मोजलेलं एनडीएमए अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी तेच नमुने पुन्हा तपासले तेव्हा कमी भरलं. कारण काय, तर डीएमएफ नावाचा एक साधा द्रावक. गोळीत त्याचे अंश राहू शकतात. निसर्गात नायट्रोजनच्या हजार अणूंत तीन-चार अणू जरा जड असतात. असा जड नायट्रोजन असलेला डीएमएफचा रेणू यंत्रात ७५.०५७१ वर दिसतो. आणि एनडीएमए दिसतं ७५.०५५३ वर. दोघंही यंत्रात एकाच वेळी येऊन पोचली आणि यंत्राची नजर ढिली ठेवली, तर निरपराध डीएमएफची मोजदाद एनडीएमएच्या नावावर चढते.

"या दोघांत फरक किती?" मी विचारलं.

"दहा लाखात २४," ती म्हणाली. "तिथे घोळ तापाने झाला असं मी म्हणत नाही. वजनाची खिडकी जास्त उघडी ठेवल्याने झाला. पण आकडा बघ. साधी स्टीलची नळी एका डिग्रीला ३४ चुकते. हा फरक त्याहून कमी आहे. यंत्र बारीक नजरेचं हवं, आणि त्याची नजर जागची हललेलीही चालत नाही."

एकाने चूक मोजलं तर त्याचं ओझं कुठे जाऊन पडतं? कुठे तरी जळगावात एक म्हातारी भिंत धरून चालते. त्या क्षणी पुरणपोळीचा राग गेला.

मग ताप येऊ नये म्हणून काय करतात, तेही विचारून घेतलं. शिक्षकाची खोड, अर्धवट धडा सोडवत नाही.

पहिला उपाय खोलीचा. मला वाटत होतं यंत्राला गारवा लागतो. तसं नाही, स्थिरता लागते. बावीस तर बावीस, चोवीस तर चोवीस, पण हलायचं नाही. भाचीने एका दिवसाचा आलेख दाखवला. वजनातल्या चुकीची रेघ सरळ नव्हती, लाटेसारखी वरखाली होती. एसीचा कॉम्प्रेसर सुरू-बंद व्हायचा त्या तालावर! यंत्र औषध मोजत होतं आणि सोबत एसीही मोजत होतं.

दुसरा उपाय नळीचा. काही यंत्रांत नळीला स्वतःचा हीटर असतो आणि तिला खोलीपेक्षा मुद्दाम थोडं गरम ठेवतात. मला नवल वाटलं. पण विचार करा, थंड झालं तर थोडी ऊब देणं सोपं, गरम झालेलं नेमकं तेवढंच गार करणं कठीण. दही लावताना आपणही भांडं गरम कपड्यात गुंडाळतोच की.

तिसरा उपाय धातूचा, आणि यात मला इतिहास सापडला. पॅरिसजवळ सेव्हर् इथे वजन-मापांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे शार्ल एदुआर गीयोम हे लांबीच्या प्रमाणपट्ट्यांसाठी स्वस्त धातू शोधत होते. १८९६ मध्ये त्यांना आढळलं की लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळलं तर तो मिश्रधातू तापूनही जवळजवळ वाढत नाही. मीटरला एका डिग्रीला साधारण सव्वा मायक्रॉन. त्याचं नाव इन्व्हार, म्हणजे न बदलणारा. १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल गीयोम यांना मिळालं. माझ्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडायचं आणि ते दर चैत्रात लंबकाखालची चकती एक-दोन आटे वर फिरवायचे. लंबकाची दांडी उन्हाने लांबते, हे मला आत्ता कळतंय. इन्व्हारचे लंबक तेव्हाच निघाले होते, आमच्या घरापर्यंत मात्र आले नाहीत.

दुसऱ्या जातीच्या यंत्रांत नळी नसते, चार समांतर दांड्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून आयन जातात. त्या फटीचं माप हललं की वजन हलतं. म्हणून काही यंत्रांत ते चौकोनी भांडं क्वार्ट्झचं करून आतून सोन्याचा मुलामा देतात. क्वार्ट्झ इन्व्हारहूनही कमी वाढतो, आणि वीज वाहायला सोनं. त्याला १५० डिग्रीच्या आसपास तापवूनही ठेवतात. त्याचं कारण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. कढीवर गार झाकण ठेवलं की वाफ त्याला चिकटते, तशी नमुन्याची वाफ गार दांड्यांवर जमून त्या मळतात. गरम राहिल्या की स्वच्छ राहतात.

आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर ते लगेच वापरता येत नाही. आत पोकळी असते, हवा नाही. आपला थर्मास जसा चहाला तासनतास गार होऊ देत नाही, तशीच ही पोकळी आतल्या भागांना लवकर एका तापमानावर येऊ देत नाही. पाटीवर आकडा बरोबर दिसतो, आत अजून धुसफुस चालू असते. तासनतास थांबावं लागतं. "माणसांसारखंच की," मी म्हटलं. भाची हसली.

पण मला सगळ्यात आवडला तो शेवटचा उपाय. इतकं सगळं करूनही यंत्र थोडं हलतंच. मग काय करतात, तर ज्याचं खरं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे असं एक द्रव्य नमुन्याच्या बरोबरीने सतत आत सोडत राहतात. त्याला लॉक मास म्हणतात. त्याचं वजन चुकून दिसलं की समजायचं, आपण सरकलो. मग जितके सरकलो तितकी दुरुस्ती अनोळखी नमुन्याच्या वजनातही करायची. अनोळखी माणसाबद्दल मत द्यायच्या आधी ओळखीच्या माणसाकडे बघून आपली नजर तपासायची, असं म्हणा ना.

त्या रविवारी नेमकं हेच घडलं होतं. शनिवारी रात्री एसी बंद पडला आणि त्याच रात्री लॉक मास सोडणारी बारीक नळी तुंबली. यंत्र रात्रभर आकडे देत राहिलं. मधूनमधून जे ठरलेले ओळखीचे नमुने लावतात, ते दहा लाखात वीसने सरकलेले दिसत होते. सोमवारी गिऱ्हाइकाला अहवाल द्यायचा होता. वरिष्ठ म्हणत होते, सरासरी दुरुस्ती लावून दे. भाचीने सही केली नाही. रात्रभराचे सगळे नमुने रद्द केले, वहीत कारण लिहिलं आणि पुन्हा लावले. अहवाल दोन दिवस उशिरा गेला आणि तिला बोलणी बसली.

हे ती जेवता जेवता सहज सांगत होती. माझा घास हातात राहिला. आता त्या मुलाकडे येते.

१९८७ चा एप्रिल. इयत्ता नववीची वार्षिक परीक्षा, मराठीचे गठ्ठे घरी आणलेले. धाकटा तीन वर्षांचा होता, त्याला १०३ ताप. हे बाहेरगावी. रात्री वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात एका हाताने त्याच्या कपाळावर पट्टी आणि दुसऱ्या हातात लाल पेन. दुसऱ्या दिवशी गुण भरून द्यायचे होते. पाऱ्याचा थर्मामीटर तुम्हाला आठवत असेल. वापरल्यावर तो झटकून पारा खाली आणावा लागतो. न झटकता दुसऱ्याला लावला तर पहिल्याचा ताप दुसऱ्याच्या नावावर दिसतो. त्या रात्री मी मुलाला लावायच्या आधी थर्मामीटर दर वेळी झटकत होते. स्वतःला झटकलं नाही.

जूनमध्ये उत्तरपत्रिका रद्दीसाठी बांधताना सहज एक वर आली. निबंधाचा विषय होता 'आमच्या गावातील एक कारागीर'. मुलाने आपल्या लोहार बापावर लिहिलं होतं, धाव चढवण्याची ती सगळी हकीगत. शब्द निम्मे अहिराणी, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण एक वाक्य होतं, "माझा बाप म्हनतो लोखंडाले ऊन समजतं." मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून 'अशुद्ध' लिहिलं होतं आणि पंधरापैकी चार गुण दिले होते. संध्याकाळी, धाकट्याचा ताप चढायच्या आधी तपासलेल्या पेपरांत याहून सामान्य निबंधांना मी नऊ आणि दहा दिले होते. पेपर समोरच होते, ताडून बघितलं. मुलाला एकूण एकतीस. पस्तीसला पास. संध्याकाळच्या हाताने तपासला असता तर तो सहज पास होता.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, निकाल लागून महिना झाला. आता एकाचा बदलला तर दहा पालक दारात उभे राहतील." मी गप्प बसले. पेपर रद्दीत गेले. मुलगा जूनमध्ये शाळेत आलाच नाही. तो बापाच्या भट्टीवर बसला.

मंडळी, रात्रीची चूक तापाची होती, असं मी स्वतःला सांगू शकते. जूनमध्ये मला काही ताप नव्हता. जूनमध्ये सगळं स्थिर होतं, आकडा सरकलाय हे कळलं होतं, आणि तरी मी सही मागे घेतली नाही. तीस-पस्तीस वर्षांची माझी भाची ते करते आणि वर बोलणी खाते.

काही वर्षांपूर्वी तो मला भेटला. आता बैलगाड्यांची चाकं कोण करतो? त्याचं हमरस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. मला ओळखून खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं, निबंधाचं, गुणांचं, जूनचं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, शाळा मी तशीबी सोडणारच होतो. बापाची छाती बरी नव्हती." ते खरं होतं की माझ्या वयाकडे बघून तो तसं म्हणाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मोजायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

पुण्याहून परत आल्यापासून एक सवय लावून घेतली आहे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची दोन मुलं संध्याकाळी माझ्याकडे शुद्धलेखन घेऊन येतात. त्यांच्या वह्या तपासायच्या आधी मी एक जुनी वही काढते. त्यातलं एक पान मी पूर्वी शांतपणे तपासलेलं आहे, त्याचे गुण मला माहीत आहेत. ते पान मनात पुन्हा तपासते. आज मी त्याला कमी गुण देतेय असं वाटलं, तर लाल पेन खाली ठेवते आणि आधी चहा करते.

मुलं म्हणतात, "आजी, तपासा ना लवकर."

मी म्हणते, "थांबा रे, अजून यंत्र जागेवर आलेलं नाही."

असो. गोळीची वेळ झाली.